मुंगीचं अंग आणि मृगाचा पाऊस

रोहिण्या बहुधा कोरड्याच जातात. मग मृग लागतो, दिवसभर उकाडा साचतो आणि एखाद्या संध्याकाळी बालाघाटाच्या माथ्यावर पहिली दमदार सर कोसळते. धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात त्या रात्री दिवा लावून बाहेर बसणं कठीण होतं. येडशीचा घाट असो, तुळजापुरातला यात्रेकरूंचा रस्ता असो की परंड्याच्या किल्ल्याजवळची गल्ली, दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. सकाळी ओसरीवर पंखांचा खच पडलेला असतो.

त्या खचातले बरेचसे पंख वाळवीचे असतात. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा सरळ आणि छाती-पोटाच्या मध्ये कंबर अशी नसतेच. मुंगीचे पुढचे पंख मागच्या पंखांपेक्षा मोठे, मिशा कोपरातून वाकलेल्या आणि कंबर अगदी बारीक. एवढ्या खुणा ठाऊक असल्या की ढिगातून मुंग्या वेगळ्या काढता येतात. मग खरा प्रश्न समोर येतो. काल दुपारपर्यंत अंगणात एकही पंखवाली मुंगी दिसत नव्हती. एका सरीत ह्यांना पंख आले कुठून?

पावसाने पंख आणलेले नसतात. पावसाने फक्त दार उघडलेलं असतं. हे पंख ऐन उन्हाळ्यात, जमीन तडकलेली असताना, बिळाच्या खोल गारव्यात तयार झालेले असतात.

मुंगीचं अंग एकदा घडलं की घडलं. कोषातून बाहेर पडलेली मुंगी त्यानंतर केसभरही वाढत नाही. ती कात टाकत नाही, तिचं डोकं रुंदावत नाही, पाय लांबत नाहीत. अंगणातली बारकी मुंगी ही मोठ्या मुंगीचं पिल्लू नसते. ती पूर्ण वाढ झालेली, कामाला लागलेली मुंगी असते. संत गोरोबाकाका कुंभारांच्या तेरमध्ये हे समजावून सांगणं सोपं आहे. माती ओली आहे तोवर चाकावर हवा तो आकार देता येतो. भट्टीतून निघालेल्या मडक्याला देता येत नाही. मुंगीच्या जन्मातली ओली माती म्हणजे तिची अळी. अंडं, अळी, कोष आणि पूर्ण कीटक ह्या चार अवस्थांपैकी वाढ होते ती फक्त अळीची. तिला किती भरवलं, काय भरवलं, बिळातली ऊब किती होती, तिच्या आईने कोणत्या काळात ते अंडं घातलं, ह्यावर तिचं पुढचं अंग ठरतं.

म्हणून ऋतू आपल्यासमोर चालणाऱ्या मुंगीचा सांगाडा बदलत नाही. तो बिळातल्या अळ्यांवर, त्यांना भरवणाऱ्या कामकऱ्यांवर आणि अंडी घालणाऱ्या राणीवर काम करतो, आणि त्याचा ठसा पुढच्या पिढीच्या अंगावर उमटतो. मोठी झालेली मुंगीही बदलते, पण ती बहुतेक कवचाच्या आतून.

मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येतो, हे मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात सांगितलं जातं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'तही, काही त्रास झालेला नसताना मुंग्यांनी अंडी हलवणं हे लवकर पाऊस येण्याचं लक्षण म्हणून नोंदवलं आहे. निरीक्षण जुनं आहे आणि नेमकं आहे. एवढंच ध्यानात घ्यायचं की तोंडात धरून नेलेले ते पांढरे लांबट दाणे बहुतेक वेळा अंडी नसतात. मुंगीचं अंडं डोळ्याला जेमतेम दिसतं. मुंगळ्याच्या तोंडातला, त्याच्याच अंगाएवढा पांढरा दाणा म्हणजे रेशमी कोष, आणि त्याच्या आत अंग जवळजवळ पूर्ण घडलेली मुंगी असते. बारक्या मुंग्यांपैकी बऱ्याच जातींत कोषाला रेशमी वेष्टणही नसतं. नीट पाहिलं तर मिटलेले पाय आणि डोळ्यांचे ठिपके दिसतात. पावसाआधी जे वाचवायची धडपड चालते ते हे घडत असलेलं अंग.

धाराशिव हा ह्या गोष्टी पाहायला चांगला जिल्हा आहे. बालाघाटाचा पठारी माथा, दोन्ही अंगांना उतरणारं पाणी. तेरणा आणि मांजरा गोदावरीकडे जातात, सीना आणि बोरी भीमेकडे. कुठे काळी भारी जमीन, कुठे मुरूम, कुठे नुसता खडक. पाऊस सरासरी सात-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, पण ह्या सरासरीवर कुणाही शेतकऱ्याचा भरवसा नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत जे पडेल ते पडेल, आणि वर परतीचा पाऊस. हिवाळा कोरडा आणि मवाळ. मग मार्चपासून तापत जाणारी जमीन. मुंगीच्या दृष्टीने इथलं वर्ष थंडी आणि उष्म्याने फारसं विभागलेलं नाही; ते ओल आणि कोरड ह्यांनी विभागलेलं आहे.

युरोपातल्या मुंग्यांचं घड्याळ वेगळं आहे. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात फर्झब्रुक संशोधन केंद्रात मायकेल ब्रायन यांनी 'मिर्मिका' ह्या तांबूस मुंगीवर कित्येक वर्षं काम केलं. त्यांना आढळलं की ज्या अळ्या थंडीभर बिळात थांबून वसंतात पुन्हा वाढू लागतात, त्यांच्यातूनच राण्या होऊ शकतात. उन्हाळ्यात झटपट वाढून त्याच वर्षी कोषात जाणाऱ्या अळ्या कामकरीच होतात. म्हणजे एक हिवाळा अंगावर काढणं ही राणी होण्याची अट. फ्रान्समध्ये ल्यूक पासेरा यांनी 'फायडोले पॅलिड्युला' ह्या मुंगीत त्याच्या आणखी एक पायरी मागे जाऊन पाहिलं: थंडी काढून उठलेल्या राणीने घातलेल्या पहिल्या अंड्यांतून नव्या राण्या निघतात, नंतरच्या अंड्यांतून नाहीत. पुढच्या संशोधनात अशा अंड्यांमधल्या संप्रेरकांचं प्रमाणच निराळं असल्याचं दिसलं. ऋतूची खूण अळीपर्यंत पोचण्याआधीच अंड्यात उतरलेली होती.

आपल्याकडे असा कडक हिवाळा नाही. इथे सगळी तयारी पावसाच्या दिशेने असते. मृगाच्या पहिल्या सरीला पंखवाल्या मुंग्या बाहेर पडायच्या तर त्यांची अंडी कित्येक आठवडे आधी घातली गेली पाहिजेत, अळ्यांना भरपूर भरवलं गेलं पाहिजे, कोष वेळेवर फुटले पाहिजेत. हे सगळं अशा महिन्यांत जेव्हा रानात हिरवं काही उरलेलं नसतं. वसाहतीने हिवाळ्यात साठवलेली चरबी आणि दाणे ह्या काळात पंखांमध्ये खर्च होतात.

राणी होणाऱ्या मुंगीचं अंग म्हणजे कामकरीला नुसते पंख जोडलेले, असं नसतं. रोबेर्तो केलर, ख्रिस्तियान पीटर्स आणि पात्रिसिया बेल्दादे यांनी २०१४ साली मुंग्यांच्या छातीच्या रचनेचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. राणीच्या छातीचा मधला भाग उडण्याच्या स्नायूंसाठी फुगलेला आणि मोठा असतो. कामकरीत तो आकसलेला असतो आणि त्याच्या पुढचा, मानेलगतचा भाग मोठा झालेला असतो. त्या जागेत मान हलवणारे दणकट स्नायू मावतात. स्वतःपेक्षा जड ओझं तोंडात धरून चालणारी मुंगी ते ओझं ह्या मानेच्या जोरावर पेलते. एकाच आईच्या दोन मुली. एकीचं अंग एका उड्डाणासाठी बांधलेलं, दुसरीचं जन्मभर ओझं वाहण्यासाठी.

आणि ते उड्डाणही एकदाच. मुंगीला पंख फुटले की तिचा अंत जवळ आला, असं आपल्याकडे म्हणतात. नरांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. मीलनानंतर ते फार काळ जगत नाहीत. माद्यांपैकीही बहुतेक पाखरं, पाली, बेडूक आणि दुसऱ्या मुंग्या खातात. जी वाचते ती ओल्या जमिनीवर उतरते आणि आपले पंख स्वतःच मोडून टाकते. पंखांच्या मुळाशी तुटण्याची रेघ आधीच आखलेली असते. मग ती ओल्या मातीत एक लहानशी खोली खणते आणि तोंड बुजवून घेते. मे महिन्याच्या टणक जमिनीत हे खणणं तिला जमलं नसतं, म्हणून पहिल्या पावसाची वाट पाहावी लागते.

बंद खोलीत तिच्या अंगात जे घडतं ते १९०७ साली फ्रेंच संशोधक शार्ल झाने यांनी दाखवून दिलं. पंख गेले की पंख हलवणारे छातीतले मोठे स्नायू विरघळू लागतात आणि त्यांचं पोषणद्रव्य राणी पहिल्या अंड्या-अळ्यांसाठी वापरते. मुंगळ्यांसारख्या बऱ्याच जातींच्या राण्या ह्या काळात बाहेर पडून काही खात नाहीत. बाहेरून राणी तशीच दिसते, पण छातीच्या आत काही आठवड्यांत रिकामी जागा होते. ऋतूने पूर्ण वाढ झालेल्या मुंगीच्या शरीरात घडवलेला ह्याहून मोठा बदल क्वचितच सापडेल.

श्रावणाच्या आसपास त्या खोलीतून पहिल्या कामकऱ्या बाहेर पडतात आणि त्या खुरट्या असतात. आईच्या अंगातल्या साठ्यावर वाढलेल्या असल्याने त्यांचं डोकं लहान, पाय बारीक. थोड्या मोठ्या मुली घडवण्यापेक्षा पुष्कळ लहान मुली घडवणं राणीला परवडतं, कारण तिला ताबडतोब हात हवे असतात. पुढच्या पिढ्यांना ह्या खुरट्या मुंग्या बाहेरून अन्न आणून भरवतात आणि अंगं मोठी होऊ लागतात. पावसाळ्यात एखाद्या बांधावर फार बारीक मुंगळे दिसले, तर ते नव्या संसाराचे असण्याची शक्यता बरीच आहे.

पुण्यात सापडलेली एक मुंगी ह्या विषयात जगाच्या कामी आली. मुंबई इलाख्याच्या वनखात्यात रॉबर्ट चार्ल्स रॉटन नावाचे अधिकारी होते. त्यांनी मुंग्या गोळा केल्या, १८९२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 'आपल्या मुंग्या' ह्या विषयावर लिहिलं, आणि नमुने स्वित्झर्लंडला ऑगस्त फोरेल यांच्याकडे पाठवले. फोरेल पेशाने मनोविकारतज्ज्ञ, पण मुंग्यांच्या वर्गीकरणात त्यांचा अधिकार मोठा. पुण्याहून आलेली जेमतेम दोन मिलिमीटरची एक मुंगी त्यांना इतकी निराळी वाटली की १८९० साली त्यांनी तिच्यासाठी नवा वंशच कल्पिला आणि तिला रॉटन यांचं नाव दिलं. आज ती 'कार्डिओकॉन्डिला रॉटनी' म्हणून ओळखली जाते.

'कार्डिओकॉन्डिला' वंशाचं वैशिष्ट्य त्याच्या नरांत आहे. मुंग्यांचे नर पंखवाले असतात हा नियम. इथे काही जातींत दोन तऱ्हेचे नर असतात. एक पंखवाला, मऊ स्वभावाचा. दुसरा बिनपंखाचा, वक्र टोकदार जबड्यांचा, जो घर सोडत नाही आणि कोषातून निघणाऱ्या दुसऱ्या लढाऊ नरांना मारून टाकतो. सिल्व्हिया क्रेमर आणि युर्गेन हाइन्झे यांनी रेगेन्सबुर्ग विद्यापीठात ह्याच वंशातल्या 'कार्डिओकॉन्डिला ऑब्स्क्युरियर' ह्या जातीवर प्रयोग केले आणि २००३ साली निष्कर्ष मांडला. सगळं सुखाचं चाललेलं असताना वसाहत लढाऊ, बिनपंखाचे नरच काढते. तापमान एकदम उतरवलं, परिस्थिती कठीण केली, की पंखवाले नर निघू लागतात. घरात राहण्यात अर्थ उरला नाही तर उडून जाणारी अंगं घडवायची, असा हा हिशेब. पंखवाल्या नरांना लढाऊ भाऊ मारत का नाहीत, हेही ह्याच गटाने शोधलं: कोवळ्या पंखवाल्या नराच्या अंगाला कुमारी राण्यांसारखा वास असतो आणि लढाऊ नर फसतो.

बाहेरची हवा बदलली आणि त्या वसाहतीच्या मुलांच्या अंगाचा आराखडाच बदलला, ह्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मिळणं अवघड. ह्या वंशाचा एक महत्त्वाचा धागा पुण्यातून सुरू झाला, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं.

पुण्याशी जोडलेलं दुसरं नाव विल्यम हेन्री साइक्स यांचं. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी पाहणी करणारे हे लष्करी अधिकारी पक्षी आणि प्राणीही टिपत असत. १८२९ च्या सुमारास त्यांनी पुण्याच्या मोकळ्या जागेवर गवताच्या बियांचे लहान लहान ढीग पाहिले. पावसाने बिळातला साठा भिजला होता आणि मुंग्यांनी तो वर आणून उन्हात वाळत घातला होता. १८३५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या वेळी युरोपातले जाणकार मुंग्या धान्य साठवतात ह्या जुन्या समजुतीला मानायला तयार नव्हते, कारण उत्तर युरोपातल्या मुंग्या साठवत नाहीत. जॉन ट्रॅहर्न मॉगरिज यांनी दक्षिण फ्रान्समध्ये तेच पाहून १८७३ साली पुस्तक लिहिलं तेव्हा तो वाद मिटत गेला. खळ्यावरच्या कुठल्याही मराठी माणसाने हे त्यांना आधीच सांगितलं असतं.

साइक्स यांची मुंगी 'फायडोले' वंशातली. ह्या वंशात एकाच बिळात दोन अगदी वेगळी अंगं असतात: बारक्या कामकऱ्या, आणि अंगाच्या मानाने प्रचंड डोक्याच्या शिपाई. ते डोकं जबड्याच्या स्नायूंनी भरलेलं असतं आणि टणक बी फोडायला उपयोगी पडतं. कोणती अळी शिपाई होणार हे मुख्यतः आहार आणि संप्रेरकं ठरवतात. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात एहाब अबूहेफ आणि राजेंद्रन राजाकुमार यांच्या गटाने २०१८ साली ह्यातली एक विलक्षण गोष्ट दाखवली. शिपाई मुंगीला पंख नसतात, पण ती अळी असताना पंखांचं बीज तिच्या अंगात थोडा काळ वाढतं आणि मग विरून जातं. ते बीज निरुपयोगी अवशेष समजलं जायचं. संशोधकांनी त्याची वाढ रोखली तेव्हा शिपायांची डोकी आणि अंगं लहान झाली. म्हणजे जो पंख कधी फुटणारच नाही, तो विरण्याआधी डोक्याची वाढ ठरवून जातो. आणि वसाहतीतल्या शिपाई आपल्या वासाने अळ्यांमधल्या ह्या बीजाला आवर घालतात, त्यामुळे त्यांची संख्या प्रमाणात राहते.

धाराशिवच्या शेतात अंगांची ही विविधता रोज पायाखाली असते. तांबडी, चावरी 'सोलेनोप्सिस जेमिनाटा' ही मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली मुंगी, तिच्यातही मोठ्या चौकोनी डोक्याच्या, बिया दळणाऱ्या कामकऱ्या असतात. काळा मुंगळा, ज्याला इकडे डोंगळाही म्हणतात, तो 'कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस'. त्याच्या एकाच रांगेत लहान, मध्यम आणि मोठ्या डोक्याच्या कामकऱ्या चालतात. बाभळीच्या कोवळ्या फांदीवर रस शोषणारे किडे बसलेले असले की मुंगळे त्यांना मिशांनी थोपटून गोड थेंब घेतात. दिवाळीनंतर शाळू वाढीला लागतो, त्यावर मावा पडला की पानांवर चिकटा येतो. शेतकऱ्याच्या डोक्याला ताप, मुंगळ्यांना सुगी. मुंगळ्याचं पोट ह्या दिवसांत फुगतं, पोटावरच्या काळ्या पट्ट्या एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधलं फिकट पातळ आवरण दिसू लागतं. कवच वाढत नाही, पण कवचाच्या तुकड्यांमधली ही घडी ताणली जाते. मुंगीचा आकार ऋतूप्रमाणे बदलताना नुसत्या डोळ्यांनी पाहायचा असेल तर ही जागा.

मग वर्षभरात वसाहतीतल्या कामकऱ्यांचं सरासरी माप बदलतं का? अमेरिकेच्या वाळवंटात बिया गोळा करणाऱ्या 'व्हेरोमेसर परगांडी' ह्या मुंगीवर स्टीव्हन रिसिंग यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेलं काम ह्याबाबत बोलकं आहे. वसाहत तीच, राणी तीच, तरी बाहेर पडणाऱ्या कामकऱ्यांचं माप वर्षाच्या चक्राबरोबर लहानमोठं होत होतं. कोणतीही एक मुंगी लहान झाली नव्हती. वेगवेगळ्या ऋतूंत वाढलेल्या पिढ्या एकीमागून एक कामावर येत होत्या आणि प्रत्येकीच्या अंगावर तिच्या बालपणीच्या ऋतूचं माप होतं.

आतून होणारे बदल ह्याहून वेगवान. 'प्रेनोलेपिस इम्पॅरिस' ही अमेरिकी मुंगी थंडीत हिंडते आणि उन्हाळाभर बीळ बंद करून खोल बसते. वॉल्टर चिंकेल यांनी फ्लोरिडात तिची बिळं खणून पाहिली. बंद काळात वसाहत जगते ती पोटात चरबी साठवून टम्म झालेल्या तरुण कामकऱ्यांवर. 'पोगोनोमिर्मेक्स' ह्या बियाखाऊ मुंग्यांमध्ये बिळात राहणाऱ्या तरुण मुंग्या चरबीने भरलेल्या आणि बाहेर उन्हात हिंडणाऱ्या म्हाताऱ्या हलक्या, वाळलेल्या असतात. त्याच मुंग्यांबद्दल डायान वॅग्नर, मॅडलीन टिसो आणि डेबोरा गॉर्डन यांनी २००१ साली दाखवलं की उष्ण कोरड्या हवेत काम करणाऱ्या मुंगीच्या कवचावरच्या मेणाची घडणच बदलते. पाणी धरून ठेवणारे घटक वाढतात. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या काळ्या जमिनीवरून धावणाऱ्या मुंगीसाठी अंगावरचा हा अदृश्य थर जीव वाचवणारा असतो. मुंगळे त्या दिवसांत तिन्हीसांजेनंतर बाहेर पडताना दिसतात, त्याचं कारणही कळतं. पाणी गमावणं हा त्यांचा उन्हाळ्यातला सर्वांत मोठा धोका आहे.

दक्षिण भारतातली उडी मारणारी मुंगी, 'हार्पेग्नॅथोस सॉल्टेटर', तर मेंदूसुद्धा कमीजास्त करते. टी. सी. जर्डन यांनी १८५१ साली तिचं वर्णन केलं. राणी मेली की काही कामकऱ्या मिशांनी एकमेकींशी झुंजतात आणि जिंकणाऱ्या अंडी घालू लागतात. क्लिंट पेनिक आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली मोजून सांगितलं की अशा मुंगीचा मेंदू वीस-पंचवीस टक्क्यांनी आकसतो आणि अंडाशय कैकपट फुगतात. तिला पुन्हा कामकरी व्हायला भाग पाडलं की मेंदू परत वाढतो. हे ऋतूने घडत नाही, राणीच्या जाण्याने घडतं. पण न बदलणाऱ्या कवचाआड किती उलथापालथ शक्य आहे, हे त्यातून कळतं.

ऋतूंशी इतकं घट्ट बांधलेलं अंग असेल तर ऋतूच ढळले की काय होतं, हा धाराशिवसाठी कोरडा प्रश्न नाही. १९७२ चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. २०१५-१६ मध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं तेव्हा हा जिल्हाही होरपळत होता. आणि २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंडा भागात पुराने जमिनी खरडून नेल्या. मृगात पेरलं, पावसाने खंड दिला, दुबार पेरणी करावी लागली, हे इथल्या शेतकऱ्याचं नेहमीचं दुःख. पहिल्या सरीला उडालेल्या राणीचंही तेच होतं. पंख तिने टाकलेले असतात, स्नायू विरघळू लागलेले असतात, मागे फिरता येत नाही. पुढचा पाऊस आलाच नाही तर त्या कोरड्या खोलीत तिची पहिली पिढी उभी राहणं अवघड. काही जातींच्या वसाहती आपल्या सगळ्या पंखवाल्या एकाच सरीला सोडत नाहीत, काही पुढच्या उड्डाणासाठी राखून ठेवतात. त्या राखून ठेवण्यावर अशा वर्षात पुष्कळ काही अवलंबून असतं.

२०१६ साली हिमेंदर भारती आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या यादीत भारतातल्या मुंग्यांच्या ८२८ जाती-उपजाती आहेत. त्यांच्या अंगाच्या मापांची ऋतुवार नोंद ठेवायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मुंगीतज्ज्ञ जे माप धरतात ते डोक्याची रुंदी, कारण ती पोटासारखी फुगत-आकसत नाही. जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेच्या किंवा कॉलेजच्या आवारात मुंगळ्यांचं एक बीळ ठरवावं. महिन्यातून एकदा, तिन्हीसांजेला, बिळाच्या वाटेवर मिलिमीटरच्या रेघा असलेला पांढरा कागद ठेवावा आणि त्यावरून जाणाऱ्या मुंगळ्यांचे मोबाइलने वरून फोटो काढावेत. एकही मुंगी मारायची गरज नाही. फोटोवर डोक्याची रुंदी मोजावी, पोटावरच्या पट्ट्या ताणलेल्या आहेत का ते लिहावं, तारखेसोबत पाऊस किती झाला तेही लिहावं. पहिल्या पंखवाल्या कोणत्या दिवशी निघाल्या ही नोंद सर्वांत मोलाची. 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल'वर फोटो टाकले तर जात ओळखायला मदत मिळते. अजय नरेंद्र आणि सुनील कुमार यांचं दख्खन-द्वीपकल्पातल्या मुंग्यांवरचं २००६ सालचं हातपुस्तक सोबत असलं तर अधिकच चांगलं. एका वर्षाची नोंद पुरणार नाही. एक चांगलं आणि एक कोरडं, अशी दोन वर्षं तरी हवीत. येत्या मृगाला सुरुवात करा.